ऋतू पालटला की कामाचा टप्पा पालटावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षातले काही महिने मॉडेलवर (विमाने-जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींवर) रोज दोन-दोन तास हात चालतो, पण दमट हवेचे दिवस सुरू झाले की रंग बिघडू लागतात, काम रेंगाळते आणि अर्धवट किट खोक्यात जाऊन पडते. सध्या आपल्याकडे 1:48 प्रमाणाचे एक विमान रंगवून झालेले असून चमकदार क्लिअर कोटसाठी, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरासाठी, थांबले आहे. एका लाकडी जहाजावर पट्ट्या चढवण्याचे काम निम्मे झाले आहे आणि कोरड्या महिन्यांत त्या पट्ट्यांमध्ये बारीक फटी पडल्या आहेत. ऋतूनुसार छंदाचा वेळ असा कमीजास्त होणे अटळ आहे का, आणि वर्षभराची आखणी कशी करावी, असे आपण विचारले आहे.

माझ्या अनुभवात ऋतू आपले फार थोडे तास हिरावून घेतो. हाती असलेल्या तासांत कोणते काम नीट होईल, हे मात्र तोच ठरवतो. अडचण तेव्हा येते जेव्हा आपण हातातल्या किटचा पुढचा टप्पा हट्टाने त्याच दिवशी उरकू पाहतो, आणि त्या टप्प्याला हवा मानवत नसते. दमट संध्याकाळी मारलेला क्लिअर कोट अर्ध्या तासात संपतो, पण बिघडला तर तो घासून काढणे, खालचा रंग दुरुस्त करणे, डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) पुन्हा मागवणे यात पुढचे चार आठवडे जातात. आपल्याला वाटते की पावसाळ्याने वेळ खाल्ला. प्रत्यक्षात तो त्या अर्ध्या तासाने खाल्लेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट अशी की ऋतूचा विचार कॅलेंडरवरून करू नये. कुठे हिवाळा कोरडा असतो तर कुठे ओला. कुठे उन्हाळ्यात हवा कोरडी भाजते तर कुठे अंगाला चिकटते. मॉडेलच्या दृष्टीने महत्त्वाचे आकडे दोनच आहेत, खोलीचे तापमान आणि सापेक्ष आर्द्रता. दोन्ही दाखवणारा एक साधा आर्द्रतामापक कामाच्या टेबलावर, दिव्याच्या उष्णतेपासून थोडा दूर ठेवावा. मी रंग देण्याच्या प्रत्येक बैठकीला वहीत तारीख, हे दोन आकडे, रंगाचा प्रकार आणि तो वाळायला लागलेला वेळ लिहितो. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या खोलीचे वर्ष कसे फिरते ते स्वच्छ दिसू लागते, आणि ती माहिती कोणत्याही डबीवरच्या सूचनेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

दमट हवेबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते. लॅकर प्रकारच्या रंगातला किंवा क्लिअरमधला द्रावक फार वेगाने उडतो, आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग त्यामुळे काही अंशांनी थंड होतो. ते तापमान हवेच्या दवबिंदूखाली गेले की हवेतली वाफ ओल्या थरावर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बसते आणि थर वाळताना त्यातच अडकते. पृष्ठभाग पांढुरका, धुरकट दिसतो तो यामुळे. आकडे पाहिले म्हणजे फरक कळतो. खोलीत 25 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे 14 अंशांवर असतो, म्हणजे पृष्ठभागाला तब्बल 11 अंशांनी थंड व्हावे लागेल. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो, आणि जेमतेम 4 अंशांची घट पुरेशी ठरते. दुसऱ्या स्थितीत द्रावक वेगाने उडणारा लॅकर फवारणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

मी स्वतः हे एका विमानाच्या पंखावर भोगले आहे. गडद निळा रंग नितळ बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी डिकल लावायचे म्हणून मी त्याच रात्री क्लिअर मारला. पंखाच्या मुळाजवळ थर जाड पडला होता, आणि धुरकटपणा तिथूनच सुरू झाला; आधी नखाएवढा डाग, मग पाहता पाहता पॅनेलच्या रेषा ओलांडत तो टोकापर्यंत गेला. घाबरून मी वर आणखी एक थर दिला आणि सगळे पांढरे पाणी आत कोंडून टाकले. तेव्हा करायला हवे होते ते एवढेच: हात थांबवायचा, मॉडेल झाकून ठेवायचे, आणि पुढे कोरड्या दिवशी रिटार्डर (वाळणे मंदावणारे द्रव्य) मिसळलेल्या सौम्य थिनरची अगदी विरळ फवार त्यावर द्यायची. त्याने वरचा थर पुन्हा किंचित मऊ होतो आणि अडकलेली ओल निघून जाते. बहुतेक वेळा एवढ्याने धुरकटपणा जातो. त्याच बैठकीत, त्याच हवेत दुरुस्ती करायला जाणे ही मात्र चूकच.

एअरब्रशच्या कॉम्प्रेसरचीही या दिवसांत वेगळी काळजी घ्यावी लागते. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचा दाबही त्याच पटीने वाढतो. टाकीत मापकावर 3 बार दिसत असताना, वातावरणाचा साधारण 1 बार धरून, हवा मूळच्या चौपट दाबली गेलेली असते. म्हणजे खोलीची आर्द्रता 25 टक्क्यांच्या वर असेल तर ती हवा पुन्हा खोलीच्या तापमानाला आल्यावर तिच्यातून पाणी सुटणारच. दमट महिन्यात ते किती असेल याची कल्पना करावी: 30 अंशांच्या पूर्ण संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 30 ग्रॅम पाणी असते. कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेला मॉइश्चर ट्रॅप (हवेतले पाणी अडवणारी बाटली) अनेकदा निरुपयोगी ठरतो याचे कारण हेच, की तिथे हवा अजून गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात ट्रॅपमधून सरळ पुढे निघून जाते. नळीत गार झाल्यावर त्याचे थेंब होतात आणि नेमके बारीक कामाच्या वेळी रंगात थुंकल्यासारखे येऊन पडतात. त्यासाठी टाकीनंतर थोडी लांब नळी द्यावी, आणि एक छोटा ट्रॅप थेट एअरब्रशच्या खाली, हाताजवळ बसवावा. टाकीच्या तळाचा नळ प्रत्येक बैठकीनंतर उघडून पाणी काढून टाकावे. पहिल्यांदा हे करणाऱ्याला टाकीतून निघणारे गढूळ पाणी पाहून धक्काच बसतो.

दमट हवेत सुपरग्लूचे वागणेही बदलते. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळी दिवसांत तो लवकर धरतो. मात्र त्याची वाफ आसपासच्या भागावर पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते, आणि ती कॅनोपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) बसली की फार त्रास देते. पारदर्शक भागाला या दिवसांत सुपरग्लू लावूच नये. पाण्यात धुता येणारा पांढरा गोंद किंवा खास पारदर्शक भागांसाठीचा गोंद वापरावा. सुपरग्लूची बाटली फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांनी ती बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर तोंडाशी दव धरते आणि गोंद बाटलीतच गोठू लागतो. डिकलचे कागद एकमेकांवर रचून उघड्यावर ठेवले तर ओलीने चिकटतात, म्हणून ते झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत.

मग दमट महिन्यांत करायचे काय? माझे सगळ्यात चांगले जोडकाम मी याच दिवसांत केले आहे. पॉलिस्टायरीनचे भाग ओल शोषत नाहीत म्हटले तरी चालेल, आणि त्यांना जोडणारा सिमेंट हा द्रावकाने प्लॅस्टिक वितळवून सांधणारा असल्याने त्याला आर्द्रतेची फारशी फिकीर नसते. स्प्रूवरून (किटमधले भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) भाग कापणे, साच्याच्या रेषा खरवडणे, सांधे भरणे, पॅनेलच्या पुसट झालेल्या रेषा पुन्हा कोरणे, पाण्यासह सँडपेपरने घासणे, पितळी पत्र्याचे कोरीव भाग वाकवणे ही सारी कामे पाऊस कोसळत असतानाही उत्तम होतात. शिवाय यातले बरेचसे काम अर्ध्या तासाच्या तुकड्यांत करता येते. एअरब्रश मांडायला आणि धुवायलाच जितका वेळ जातो, तेवढ्यात एका इंजिनाचे सगळे सिलिंडर साफ होतात. रंग द्यावाच लागला तर पाण्यातले ॲक्रिलिक घ्यावे, थर विरळ ठेवावेत आणि दोन थरांमध्ये नेहमीच्या दुप्पट वेळ थांबावे.

उष्ण आणि कोरड्या हवेत अडचण बरोबर उलटी असते. पाण्यातले ॲक्रिलिक एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळते आणि दर दोन मिनिटांनी फवारा तुटतो. जो रंग बाहेर पडतो तोही पृष्ठभागापर्यंत पोहोचेस्तोवर अर्धा वाळतो आणि हाताला भुरभुरीत, खरखरीत लागणारा थर बसतो. रिटार्डरचे काही थेंब, जरा जास्त थिनर, कमी दाब आणि मॉडेलपासून कमी अंतर या चौघांनी मिळून तो प्रश्न सुटतो; पण त्याहून सोपा उपाय म्हणजे रंगकाम पहाटे करणे. वर्षातल्या सर्वांत उष्ण आठवड्यांत मी सूर्य वर येण्याआधीचा एक तास रंगाला देतो आणि संध्याकाळी हात लावत नाही. ब्रशने रंगवणाऱ्यांनी ओली पॅलेट (खाली ओलावा राखून रंग वाळू न देणारी पॅलेट) वापरावी. घामाचा विचारही करावा, कारण बोटांचा तेलकटपणा प्लॅस्टिकवर राहिला तर प्रायमर तिथे धरत नाही आणि मास्किंग टेप काढताना नेमका त्या ठशाच्या आकाराचा रंग सोलून निघतो. प्रायमरच्या आधी भाग कोमट साबणपाण्याने धुऊन, नंतर सुती हातमोजे घालूनच हाताळावेत. तयार मॉडेल उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवू नये हे बहुतेकांना माहीत असते, पण रेझिनचे बारीक भाग, उदाहरणार्थ बंदुकांच्या नळ्या, उन्हाच्या खिडकीशेजारच्या शेल्फवरही हळूहळू वाकतात. वाकलेली नळी गरम पाण्यात बुडवून, सरळ करून लगेच गार पाण्यात धरली की पुन्हा सरळ राहते.

थंडीबद्दल मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, आणि ती सुरक्षिततेची आहे. खिडक्या बंद, शेजारी हीटर चालू आणि हातात लॅकर, ही मांडणी जिवाशी खेळ आहे. द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साठते आणि ज्योत किंवा तापलेली कॉइल गाठली की पेट घेऊ शकते. खोली आधी गरम करावी, हीटर बंद करावा, मग खिडकी किंवा फवारणी-बूथचा पंखा उघडून रंग द्यावा आणि वाफ पूर्ण निघून गेल्यावरच पुन्हा हीटर लावावा. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क बाराही महिने लागतो, पण बंद खोलीच्या दिवसांत तो टाळण्याला काहीही सबब नाही. ज्याच्याकडे हवा बाहेर काढण्याची सोय नाही त्याने थंडीत लॅकर आणि इनॅमल बाजूला ठेवून जोडकाम करावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

बाकी थंडीच्या गोष्टी लवकर सांगून होतील. रंग घट्ट होतो आणि स्प्रे कॅनचा दाब पडतो. कॅन काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, पण 50 अंशांच्या वर कधीही तापवू नये. पाण्यातले ॲक्रिलिक गोठू देऊ नये, कारण एकदा गोठलेला रंग वितळल्यावर गुठळ्यांचा होतो. इपॉक्सी पुट्टीला तापमान 10 अंशांनी उतरले की साधारण दुप्पट वेळ लागतो. इनॅमल वाळल्यासारखे दिसते पण आत मऊ राहते. मी प्रत्येक रंगाबरोबर एक प्लॅस्टिकचा चमचा रंगवून बाजूला ठेवतो. चमच्यावर नख रुतत नाही आणि नाकाशी धरल्यावर वास येत नाही, तोपर्यंत मॉडेलवर मास्किंग टेप चढत नाही. बाहेरची 0 अंशांची हवा घरात येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 20 ते 25 टक्क्यांवर घसरते, त्यामुळे तापवलेल्या खोलीत प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत साठून धूळ झपाट्याने ओढली जाते. फवारणीआधी भाग ओलसर, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसून घ्यावा. दिवस लहान असल्याने काम दिव्याखाली होते. दिवा 5000 ते 6500 केल्विनच्या दरम्यानचा आणि 90 पेक्षा जास्त रंगदर्शन निर्देशांकाचा (CRI) असावा, अन्यथा रात्री जुळवलेली राखाडी छटा सकाळी हिरवट निघते.

आता आखणी. मी एका वेळी तीन मॉडेल चालू ठेवतो आणि तीनही वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील असे पाहतो: एक जोडणीत, एक रंगात, एक शेवटच्या बारीक कामात. एकच किट धरून बसणाऱ्याला ही पद्धत पसरट वाटेल, आणि चारच्या पुढे गेले की ती खरोखरच पसरट होते. पण तीनपर्यंत तिचा मोठा गुण असा की संध्याकाळी टेबलाशी बसल्यावर आर्द्रतामापकाकडे पाहून कोणते खोके उघडायचे ते ठरवता येते. आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत असेल तर रंगाचे खोके. त्या वर असेल तर जोडणीचे. प्रत्येक खोक्याच्या झाकणावर मी पुढची तीन कामे पेन्सिलीने लिहून ठेवतो, त्यामुळे दोन महिन्यांनी उघडले तरी कुठे थांबलो होतो हे आठवण्यात संध्याकाळ जात नाही. ऋतूंच्या सांध्यावर जे दोन-तीन आठवडे हवा समशीतोष्ण आणि स्थिर असते, ते मी वहीवरून आधीच हेरून ठेवतो आणि सगळे क्लिअर कोट त्यांच्यासाठी राखतो. त्या दिवसांत जोडकामाला हातही लावायचा नाही, हा माझा नेम आहे.

लाकडी जहाजाला मात्र असे खोके बदलून चालत नाही, कारण ते टेबलावर नसतानाही हवेशी व्यवहार करतच असते. 30 टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडातला ओलावा सुमारे 6 टक्क्यांवर स्थिरावतो, तर 80 टक्क्यांत तो 16 च्या जवळ जातो. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत बदलते: 5 मिलिमीटर रुंदीची बासवुडची पट्टी या दोन टोकांमध्ये 0.1 मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त आकसते. एका बाजूला अशा 20 पट्ट्या असतील तर एकूण 2 मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, आणि तो कुठे ना कुठे फटीच्या रूपाने बाहेर येतोच. सुती, पीळदार दोऱ्यांचेही तसेच. ओल्या हवेत ते फुगून आखूड होतात आणि कोरड्या हवेत सैल पडतात, म्हणून डोलकाठ्यांचे ताणदोर मी पॉलिस्टरचे वापरतो.

आता आपल्या दोन मॉडेलांविषयी. विमानाला सध्या क्लिअर कोट देऊ नये. ते धुळीपासून झाकून, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे आणि दरम्यान कॅनोपीचे मास्किंग, चाके, लँडिंग गिअर, कॉकपिटमधले पट्टे ही कामे उरकावीत. सलग तीन दिवस आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली की आधी चमच्यावर क्लिअर मारून पाहावा, आणि तो एका रात्रीनंतर नितळ राहिला तरच विमानाला हात लावावा.

जहाजाच्या फटी आज पुट्टीने भरू नयेत. दमट हवेत पट्ट्या फुगून बहुतेक फटी आपोआप मिटलेल्या दिसतील आणि काम झाले असे वाटेल, पण कोरडा ऋतू आला की त्या पुन्हा उघडतील. आधीच पुट्टी भरली असती तर फुगणाऱ्या पट्ट्यांनी ती बाहेर ढकलली असती किंवा पट्टी मधोमध उचलली गेली असती. उरलेल्या पट्ट्यांची जुडी आणि जहाज एकाच खोलीत, आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहील अशा काळात, दोन आठवडे एकत्र ठेवावे. त्या स्थितीत पट्ट्या चढवून पूर्ण कराव्यात आणि तेव्हा ज्या फटी दिसतील तेवढ्याच त्याच लाकडाच्या चिरफळ्यांनी भराव्यात. मग बाहेरच्या बाजूबरोबर आतूनही, डेक बसवण्याआधी, पातळ शेलॅकचे (लाखेच्या रोगणाचे) दोन हात द्यावेत. त्याने ओल पूर्ण अडत नाही, पण तिचे येणे-जाणे इतके मंदावते की एखाद्या ओल्या आठवड्याने पट्ट्या हलत नाहीत. आतून शेलॅक द्यायचे राहून गेले आणि डेक बसला, तर पुढे तिथे ब्रश पोहोचत नाही, म्हणून हे काम आत्ताच वहीत लिहून ठेवावे.